बेसबॉल गेमचा फ्रँचायझी मोड तिसऱ्या सीझननंतर कोरडा पडतो, तुम्ही कसा जिवंत ठेवता?

शेवटची_इनिंग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारतोच कारण आता राहवत नाहीये.

बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये पिट्सबर्ग पायरेट्स घेऊन फ्रँचायझी सुरू केली होती, म्हणजे एकच टीम वर्षानुवर्षं आपण चालवायची तो मोड. मुद्दाम तीच घेतली, कारण १९७९ नंतर त्यांनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगची फायनल, जिंकलेली नाही आणि १९९३ ते २०१२ सलग २० सीझन त्यांनी जिंकल्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त, म्हटलं अशा टीमला वर काढण्यात खरी मजा. पहिल्या सीझनला ८४ जिंकल्या आणि प्लेऑफ एका मॅचने हुकली, त्या रात्री मला धड झोप लागली नव्हती. दुसऱ्याला १०३ आणि वर्ल्ड सीरिज. तिसऱ्याला ११४ आणि परत वर्ल्ड सीरिज. आता चौथा सीझन, मे महिना, ३१-९ आहे, आणि मी सेव्ह उघडतो, कॅलेंडर बघतो, पुढची मॅच कोणाशी आहे ते बघतो आणि बंद करतो. तीन आठवडे झाले हेच चाललंय.

कारण थोडंफार कळतंय मला. ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, कॉम्प्युटरला पोटेन्शियल ए (पुढे मोठा होणार असं गेमचं रेटिंग) असलेला १९ वर्षांचा पोरगा दाखवला की समोरची टीम तिचा स्टार देऊन टाकते, मग मी तेच करत गेलो. आता माझ्याकडे प्रत्येक पोझिशनला ८८-९० ओव्हरऑल रेटिंगचा खेळाडू आहे आणि खरं सांगू का, बेंचवर कोण बसलंय त्यांची नावंसुद्धा मला पाठ नाहीत. पहिल्या सीझनला मला बुलपेनमधला (मागाहून येणाऱ्या राखीव पिचरमधला) शेवटचा पिचर कुठल्या हाताने टाकतो, थकला की त्याचा स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, कुठे जातो, सगळं तोंडपाठ होतं.

आणि वेळ पण बघा. एक मॅच ४० मिनिटं धरली तरी १६२ मॅचचे १०८ तास होतात. एवढा वेळ द्यायचा तर त्यात जीव लागायला पाहिजे ना.

ऑनलाइन कार्डवाला मोड नकोय मला, कृपया तो सुचवू नका. मला एकट्याला, माझ्या वेळेने, एकच टीम दहा-पंधरा वर्षं चालवायची आहे. ज्यांचे सेव्ह आठ-दहा सीझन चाललेत त्यांनी सांगा, तुम्ही काय करता?


बुलपेनवाला

मित्रा, तुझं दुखणं मला पूर्ण माहितीय, कारण माझे आधीचे चार सेव्ह असेच तिसऱ्या-चौथ्या सीझनला गेले. आत्ताचा कोलोरॅडो रॉकीजचा सेव्ह अकराव्या सीझनला आहे आणि अजून रोज रात्री उघडतो.

फरक कशाने पडला सांगतो. गेम तुला जेवढं करू देतो तेवढं सगळं करायचं नाही, खऱ्या जनरल मॅनेजरला (जीएमला) जेवढं करता येतं तेवढंच करायचं. खऱ्या लीगमध्ये हात बांधलेले असतात म्हणून तर ते काम अवघड आहे ना. २६ जणांचा ॲक्टिव्ह रोस्टर (खेळायला उपलब्ध असलेल्यांची यादी), सप्टेंबरमध्ये फक्त दोन वाढून २८, एकूण ४० चा रोस्टर, पोराला मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) खालीवर करायला तीनच ऑप्शन वर्षं, ती संपली की वेव्हर्समधून काढावं लागतं आणि दुसरी कुठलीही टीम उचलू शकते. मेजर्समधला (वरच्या लीगमधला) सर्व्हिस टाइम १७२ दिवसांचा झाला की एक वर्ष धरतात, तीन वर्षांनी आर्बिट्रेशन (पगार लवादाकडून ठरवून घ्यायचा हक्क), सहा वर्षांनी पोरगा मोकळा. म्हणजे तू कितीही जीव लाव, सहा वर्षांनी तो दार उघडून जाऊ शकतो. हे सगळं तुझ्या गेममध्ये कडक लागू असेल तर उत्तम, नसेल तर स्वतः लागू कर.

माझे नियम असे की वर्षाला दोनच मोठे ट्रेड, आणि ट्रेडमध्ये २१ वर्षांखालचा कोणी द्यायचा नाही. बस, तुझी ती ए पोटेन्शियलची खिडकी बंद. फ्री एजंटवर (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूवर) वर्षाला एकच मोठा करार. दहा वर्षं मेजर्समध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये काढलेल्या खेळाडूला खऱ्या लीगमध्ये ट्रेड नाकारायचा हक्क असतो, तर माझ्याकडे तसा कोणी असला की मी त्याला हातच लावत नाही, मग तो ३६ वर्षांचा होऊन .२१० च्या, म्हणजे खराब, बॅटिंग ॲव्हरेजने मारत असला तरी. आणि पगाराची एक रेघ मी स्वतः आखून घेतलीय. खऱ्या लीगची लक्झरी टॅक्सची रेघ २०२५ साली २४.१ कोटी डॉलरला होती, पहिल्यांदा ओलांडली की वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. माझी रेघ त्याच्या निम्म्याला आहे आणि मी ती ओलांडत नाही म्हणजे नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा नियम. खऱ्या लीगमध्ये डिसेंबरमध्ये रूल फाइव्ह ड्राफ्ट होतो, दुसऱ्या टीमने ४० च्या रोस्टरमध्ये न ठेवलेला मायनर्समधला खेळाडू १ लाख डॉलरला उचलता येतो, पण अट अशी की पुढचं पूर्ण वर्ष त्याला मेजर्सच्या रोस्टरवर ठेवायचं, नाहीतर जुन्या टीमला निम्म्या पैशात परत घ्यायची संधी द्यायची. रोबेर्तो क्लेमेंते असाच डॉजर्सकडून पायरेट्सकडे आला, १९५४ साली. तुझीच टीम आहे म्हणून सांगतोय! योहान सँटाना पण तसाच, १९९९ ला. तर मी दर डिसेंबरला दुसऱ्या टीमच्या डबल-ए (मायनर्सची वरून दुसरी पायरी) मधला एक पोरगा बारक्या ट्रेडने आणतो आणि काही झालं तरी वर्षभर २६ मध्ये ठेवतो.

पाचव्या सीझनला असाच एक डावखुरा आणला, ५७ नंबर, ओव्हरऑल ६१, सिंकर (खाली बुडणारा चेंडू) फक्त ८८ मैलाचा. रॉकीजचं मैदान समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, तिथे हवा विरळ, कर्व्हबॉल पाहिजे तसा वळत नाही, चांगल्या चांगल्या पिचरची तिथे दैना होते, तिथे हा. जुलैपर्यंत ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणारे रन) सहाच्या वर. ऑगस्टमध्ये डॉजर्सविरुद्ध ५-५, दहावी इनिंग, बाकी सगळं बुलपेन आदल्या दोन रात्रींत जळालेलं, हा एकटा उरलेला. दुसऱ्या बेसवर जादा इनिंगच्या नियमाने ठेवलेला रनर. पहिला बॅटर ग्राउंडर मारून आउट पण रनर तिसऱ्यावर गेला. दुसऱ्याला फुल काउंटवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) मी चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) टाकला, अगदी खाली, कॅचरच्या बुटापाशी, बॅट फिरली, स्ट्राइकआउट. मी खुर्चीतून उभा राहिलो होतो. तिसऱ्याला पहिलाच सिंकर थोडा वर राहिला, डाव्या-मधल्या फटीतून सिंगल, एक रन. खालच्या हाफमध्ये आम्हाला काही जमलं नाही, ६-५ ने हरलो. त्या ८४ विजयांच्या सीझनला तुला झोप आली नाही म्हणतोस ना, तशी मला त्या रात्री नाही आली. दुसरा एखादा सीझन असता तर मी त्याला त्याच आठवड्यात सोडून ८० चा रिलीव्हर आणला असता. नियम होता म्हणून ठेवला. पुढच्या मे पर्यंत ६८ झाला आणि सातवी इनिंग त्याची झाली. अजून आहे टीममध्ये, आता ३० चा आहे.


रविवारची_सीरिज

वरच्या नियमांना माझा पाठिंबा पण मला वेळेबद्दल बोलायचंय, तो मुद्दा मागे राहायला नको.

१६२ खेळूच नका. मी आठवड्याला एकच सीरिज पूर्ण खेळते, शुक्रवार ते रविवारची, बाकी सिम, म्हणजे कॉम्प्युटरला खेळू देते. आणि एक पिचर निवडते, वर्षभर त्याची प्रत्येक स्टार्ट (त्याने सुरू केलेली मॅच) खेळते, मग ती कधीही येवो. तब्येतीने धड असलेला स्टार्टर वर्षाला ३२-३३ वेळा माउंडवर येतो, दर पाच-सहा दिवसांनी, तेवढं सहज होतं. त्याच्याशी अशी ओळख होते की त्याचा खांदा दुखला की आपला दुखतो.

मधल्या सिममध्ये हरलेल्या मॅच मी पुन्हा लोड करून खेळत नाही. सीरिजला बसले की आधी दहा मिनिटं बॉक्स स्कोअर वाचते, कोण चाललाय, कोण तीन दिवस सलग टाकून थकलाय, मग लाइनअप लावते. माझ्यासाठी ती दहा मिनिटं मॅचइतकीच महत्त्वाची आहेत.


स्लायडरवाली

११४ विजय ऐकूनच कळलं की डिफिकल्टी कमी आहे किंवा स्लायडर (तो चेंडू नाही, गेमच्या सेटिंगच्या पट्ट्या) कधी बघितलेच नाहीत. नियम कितीही घाला, मॅचच सोपी असेल तर ७० ओव्हरऑलच्या टीमने पण १०० जिंकाल आणि परत इथेच याल.

मी काय करते, दहा मॅच खेळून झाल्या की स्वतःच्या टीमचे आकडे खऱ्या लीगशी ताडून बघते. २०२४ ला अख्ख्या लीगची बॅटिंग ॲव्हरेज .२४३ होती. एका टीमला एका मॅचमध्ये साधारण तीन वॉक (चार बॉलवर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळतात, साडेआठच्या आसपास स्ट्राइकआउट होतात, होमरन एकाहून थोडे जास्त. आता तुमच्या सेव्हमध्ये बघा, मी पैजेवर सांगते की तुमची टीम .२९० च्या वर मारत असेल आणि तुमचे पिचर मॅचला एखादाच वॉक देत असतील. कारण आपण माणसं नेम धरून कोपऱ्यात टाकतो आणि चेंडू तिथेच जातो. खरा पिचर ९५ मैलाने टाकताना दर वेळी कोपरा गाठू शकत नाही हो.

तर 'द शो' हा बेसबॉल गेम खेळत असाल तर स्लायडर ० ते १० असतात, मधला ५. माझा सल्ला, आधी डिफिकल्टी एक पायरी वर न्या, आणि मग स्वतःच्या पिचरचा कंट्रोल आणि कन्सिस्टन्सी एक-एक घर खाली आणा. एका वेळी एकच घर! नंतर दहा मॅच थांबा. लोक काय करतात, एक मॅच १२-१ ने हरले की सात स्लायडर हलवतात, मग कशाने काय झालं काही समजत नाही. आणि सीझनच्या मधोमध हात लावायचा नाही, जे काही करायचं ते स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सरावात).

एक मात्र सांभाळा, बेस स्टीलिंग (रनरने बेस चोरणं) अगदी शून्यावर नेऊ नका. २०२३ ला बेस १५ इंचाचे १८ इंच झाले, पिक-ऑफवर (रनरला बेसवरच पकडायला पिचर करतो त्या थ्रोवर) मर्यादा आली, आणि २०२२ ला २,४८६ झालेल्या चोऱ्या एका वर्षात ३,५०३ झाल्या. आताच्या बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवरचा वेगवान रनर म्हणजे खरी डोकेदुखी आहे, ती तुमच्या मॅचमध्ये पण असायला हवी. नववीत एक रनची लीड, पहिल्यावर रनर, दोनदा पिक-ऑफ टाकून झालंय आणि त्याला पण माहितीय की तिसऱ्यांदा टाकून आउट नाही केला तर पुढचा बेस फुकट मिळणार, तो कसा दोन पावलं जास्त पुढे सरकतो बघा. त्या वेळी हात गार पडतात माझे.


शेवटची_इनिंग

स्लायडरवाली ताई, आत्ता जाऊन बघितलं. टीमची ॲव्हरेज .३०१. वॉक मॅचला ०.९. पैज तुम्ही जिंकलात. डिफिकल्टी मी पहिल्या सीझनला ठेवली होती ती तशीच आहे, बदलायचं डोक्यातच आलं नाही.

बुलपेनवाला, ५७ नंबरचं वाचून पहिल्या सीझनची आठवण आली. तेव्हा माझ्याकडे एक होता असाच, दुसऱ्या सीझनला एका ट्रेडमध्ये सोबत टाकून दिला, कुठल्या टीमला तेही आठवत नाही. वाईट वाटलं आत्ता.

प्रश्न असा की हा सेव्ह वाचेल का, की नवीन सुरू करू?


तीस_टीमचा_मालक

नवीन कशाला, पण मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग नसावा.

तुम्ही सगळे स्वतःची टीम कमजोर कशी करायची ते सांगताय. माझ्या मते अर्धा प्रॉब्लेम समोरच्या २९ टीममध्ये आहे. चार-पाच सीझन गेले की कॉम्प्युटरच्या टीमचे रोस्टर विचित्र होतात, एकाकडे चार शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधले फील्डर), दुसऱ्याकडे क्लोजरच (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) नाही, ३८ वर्षांच्या माणसाला पाच वर्षांचा करार. अशा लीगमध्ये तुम्ही कितीही नियम पाळा, जिंकण्यात दम नसतो कारण समोर कोणी उभंच नाही.

म्हणून मी दर ऑफसीझनला ३० टीमचा कंट्रोल चालू करतो आणि दोन संध्याकाळी फक्त बाकीच्या लीगला देतो. प्रत्येक टीमला एकच प्रश्न विचारतो, हे यंदा जिंकायला खेळतायत की पुन्हा उभारणी करतायत? जिंकायला खेळणाऱ्याकडे भोक असेल तिथे उभारणी करणाऱ्याचा वयस्क खेळाडू पाठवतो, बदल्यात पोरं. आणि माझ्या डिव्हिजनमध्ये एक टीम मी मुद्दाम चांगली बांधतो, अगदी मन लावून. माझा सिएटल मरिनर्सचा सेव्ह आहे, आणि ह्यूस्टन मी असं बांधलंय की तीन वर्षांत दोनदा त्यांनी मला ऑक्टोबरमध्ये घरी पाठवलं. मरिनर्स म्हणजे ३० मधली एकमेव टीम जी वर्ल्ड सीरिजपर्यंत कधी पोचलीच नाही. २००१ ला ११६ मॅच जिंकल्या त्यांनी, ११६! आणि तरी लीग चॅम्पियनशिपमध्ये यांकीजकडून हरले, मग पुढची प्लेऑफ थेट २०२२ ला. तुझे ११४ आणि त्यांचे ११६ शेजारी ठेवून बघ. तुझ्या ११४ ला ऑक्टोबरमध्ये भीती वाटली का? नसेल वाटली तर समोर तोडीची टीमच नव्हती.


बुलपेनवाला

मालक, मुद्दा पटतो पण मला ते जमत नाही. मीच बांधलेल्या टीमविरुद्ध मी खेळलो की मला त्यांची प्रत्येक कमजोरी माहीत असते, मग तो शत्रू वाटत नाही, आपलाच दुसरा हात वाटतो.


तीस_टीमचा_मालक

म्हणून रेटिंग बघायचंच नाही. मी फक्त वय, करार आणि मागच्या तीन वर्षांचे आकडे बघून हलवतो. ज्यांना हे आवडतं त्यांनी एकदा 'आउट ऑफ द पार्क' खेळून बघा, तो बॅट हातात घेऊन खेळायचा गेम नाही, पूर्ण मॅनेजरचा आहे, १९९९ पासून येतोय. त्यात रेटिंग पूर्ण बंद करता येतात, नुसते आकडे आणि स्काउटचा अहवाल. १८७१ पासूनच्या कुठल्याही वर्षात लीग सुरू करता येते. रेटिंग बंद केलं की महिनाभर .१८० मारणारा पोरगा खरंच संपलाय की नुसतं नशीब वाईट आहे हे तुला स्वतःला ठरवावं लागतं, आणि तोच तर खऱ्या जीएमचा प्रश्न आहे. मी मे मध्ये एकाला बेंचवर बसवला, सप्टेंबरमध्ये तो दुसऱ्या टीममधून माझ्याचविरुद्ध होमरन मारत होता. अजून सलतं ते.


वहीत_लिहिणारा

माझं थोडक्यात. मी वही ठेवतो, खरी कागदाची. खेळलेल्या प्रत्येक मॅचची एकच ओळ. 'पाऊस, ३-२, डबल प्ले हुकला, शॉर्टस्टॉपचा पाय घसरला.' बास एवढंच. सीझन संपला की एक पान, कोण आला, कोण गेला, कोण रिटायर झाला. दहा वर्षं टीममध्ये काढणाऱ्याचा नंबर मी पुन्हा कोणाला देत नाही.

गेमचा डेटाबेस होमरन किती ते लक्षात ठेवतो. ते कुठल्या मॅचला मारले, तेव्हा स्कोअर काय होता, डगआउटमध्ये कोण बसलं होतं, ते आपल्यालाच ठेवावं लागतं. सातव्या सीझनला मी पहिल्या सीझनचं पान उघडलं तेव्हा कळलं की ड्राफ्टच्या अठराव्या राउंडला घेतलेला एक पोरगा, ज्याच्यापुढे मी 'नुसता भरणा' असं लिहिलं होतं, तो तेव्हा माझा सेंटर फील्डर होता. असं खऱ्या लीगमध्ये पण होतंच की, अल्बर्ट पुहोल्सला १९९९ ला तेराव्या राउंडला घेतलं होतं, ४०२ वा नंबर. माइक पियाझाला १९८८ ला ६२ व्या राउंडला. आता ड्राफ्ट फक्त २० राउंडचा आहे म्हणून तर शेवटच्या राउंडपर्यंत मी स्वतः निवडतो, ऑटोवर टाकत नाही.

शेवटची_इनिंग, सेव्ह टाकू नको. पहिला सीझन तुझ्या एवढा लक्षात आहे म्हणजे त्याच्यात इतिहास आहे. नवीन सेव्हला तो कुठून आणशील?


स्लायडरवाली

वहीवाल्यांशी सहमत. आणि वाचवायचा कसा ते सोपं आहे, तोडफोड करू नका, स्टार एकदम वाटून टाकू नका, ते खोटं वाटेल. करार संपत येतील तसे जाऊ द्या. खऱ्या छोट्या टीमचं तसंच होतं. हा सीझन सिम करून संपवा, आणि हिवाळ्यात पगाराची रेघ आखा.


शेवटची_इनिंग

सात आठवड्यांनी परत आलोय, सगळं सांगतो, जरा लांबेल.

चौथा सीझन सिम केला, १०८ जिंकल्या आणि पहिल्याच फेरीत हरलो. मग रेघ आखली, ११ कोटी. पाच जणांचे करार संपत होते, पाचही जाऊ दिले. शॉर्टस्टॉपची सही करायचं बटण समोर होतं, पैसे पण होते, दहा मिनिटं बसून राहिलो आणि मागे आलो. ट्रेड वर्षाला दोन, २१ च्या खालचा कोणी नाही. डिफिकल्टी एक पायरी वर, कंट्रोल आणि कन्सिस्टन्सी एक-एक घर खाली. मालकांचं अर्धंच घेतलं, ३० टीम नाही जमल्या, फक्त आमच्या डिव्हिजनच्या चार टीम नीट केल्या, आकडे बघून, रेटिंग न बघता. आणि वही घेतली.

एप्रिल भयंकर गेला. ९-१९. पिचर वॉक देत होते, मला पहिल्यांदा कळलं की बेस भरलेले असताना तीन बॉल शून्य स्ट्राइकवर काय वाटतं. टीमची ॲव्हरेज .२३८. पण सेव्ह मी एकदाही न खेळता बंद केला नाही, एवढं सांगतो.

पहिल्या सीझनच्या ड्राफ्टला अकराव्या राउंडला घेतलेला एक उजव्या हाताचा पिचर होता, मी विसरूनच गेलो होतो, ट्रिपल-ए मध्ये पडून होता कारण वर जागाच नव्हती कधी. ओव्हरऑल ६९, ९१ मैल, पण चेंजअप चांगला. रविवारची_सीरिजनी सांगितलं तसं त्याला धरला, प्रत्येक स्टार्ट खेळलो. ३१ स्टार्ट, ११-१२, ईआरए ४.१८. आकडा बघून कोणी ढुंकून बघणार नाही. पण तो दुसऱ्यांदा लाइनअप फिरली की थकतो, सहाव्या इनिंगला त्याचा फास्टबॉल ८९ वर येतो आणि चेंजअपशी फरक कमी होतो, मग बॅटर थांबून मारतात, हे सगळं मला त्याच्याबद्दल माहितीय. म्हणून ७५ पिचनंतर मी त्याला क्रम उलटा करून टाकायला लावतो, आधी चेंजअप, मग फास्टबॉल.

शेवटची सीरिज शिकागोमध्ये, कब्जविरुद्ध. आता प्रत्येक लीगमधून सहा टीम प्लेऑफला जातात, त्यातल्या तीन वाइल्ड कार्ड (डिव्हिजन न जिंकता मिळणारी जागा), आणि आम्हाला शेवटचं वाइल्ड कार्ड मिळायला तीनपैकी दोन हव्या होत्या. शुक्रवारी हरलो. शनिवारी हा माउंडवर. सातव्या इनिंगला २-१ पुढे, दोन आउट, तिसऱ्यावर रनर, याचे ९४ पिच झालेले, बुलपेनमध्ये कोणी धड नाही. दोन स्ट्राइकवर चेंजअप टाकला तो जमिनीवर टप्पा पडून गेला. माझा कॅचर ३६ वर्षांचा आहे, आठ वर्षं पायरेट्समध्ये, म्हणजे माझ्या आधीपासून, फक्त .१९७ मारतो, बारा वेळा त्याला काढायचा विचार केला होता. त्याने पूर्ण अंग टाकून छातीवर अडवला. चेंडू त्याच्या पुढ्यात दोन हातांवर थांबला. रनर निघाला होता, परत गेला. पुढच्या पिचला ग्राउंडर, आउट. २-१ ने जिंकलो.

रविवारी ७-३ ने हरलो. ८१-८१. प्लेऑफ गेली, एका मॅचने, पहिल्या सीझनसारखीच.

आता गेममध्ये नोव्हेंबर आहे आणि माझी ४० ची यादी भरलीय. डबल-ए मध्ये २२ वर्षांचा शॉर्टस्टॉप आहे, त्याला यादीत घेतला नाही तर बुलपेनवाल्याच्या नियमाने मीच त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकायचा, रूल फाइव्हला गेला असं धरून, तसं ठरवलंय मी. जागा करायची तर एकच माणूस काढता येतो, कॅचर. बाकी सगळे पिचर आणि पोरं. कॅचरचा अजून एक वर्षाचा करार आहे, आणि दहा-आणि-पाचचा हक्क त्याला लागतो का ते मोजलं, मेजर्समध्ये बारा वर्षं झालीत, लागतो. पण तो हक्क ट्रेड नाकारायचा, सोडून द्यायला आड येत नाही.

शॉर्टस्टॉप चांगला आहे हो. तीन वर्षांत ८० होईल. दोन दिवस झाले त्याच स्क्रीनवर आहे, सांगा काय करू?


स्लायडरवाली

शॉर्टस्टॉप. कॅचर ३६ चा आहे, पुढच्या वर्षी .१७० मारेल, आणि २२ वर्षांचा असा शॉर्टस्टॉप छोट्या टीमला पुन्हा मिळत नाही. मन कठोर करा.


बुलपेनवाला

दोन्ही ठेव. रिलीव्हरमधला ज्याचे ऑप्शन संपलेत तो वेव्हर्सवर टाक, बघ जातो का. बुलपेनवाला म्हणून सांगताना जड जातंय पण त्यातला एक नक्की कमी चालेल.


शेवटची_इनिंग

बघितलं. ऑप्शन संपलेला एकच आहे, आणि तो माझा एकुलता एक डावखुरा. त्याच्याशिवाय डिव्हिजनमधले डावे बॅटर मला खातील.


वहीत_लिहिणारा

त्या शनिवारच्या मॅचची ओळ काय लिहिलीस वहीत?


शेवटची_इनिंग

'२-१. कॅचरने अडवला.'


वहीत_लिहिणारा

मग कॅचर.